स्पोर्ट्स कारसाठी घरी बनवलेला फ्रंट स्प्लिटर : बांधणी आणि चाचणी (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आपली गाडी ट्रॅकवर नेणाऱ्या आणि स्प्लिटर (बंपरखाली पुढे काढलेली आडवी प्लेट) स्वतःच्या हाताने बनवू पाहणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. प्लेट तुम्ही घरी कापा, रंगवा. ब्रॅकेट आणि वजनाची चाचणी मात्र आमच्या रत्नागिरीच्या वर्कशॉपमध्ये करून घ्या, किंवा इथे सांगितल्याप्रमाणे स्वतः नीट करा. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या स्प्लिटरमध्ये प्लेट सहसा शाबूत असते. गेलेली असते ती तिची बांधणी.

स्प्लिटर करतो काय

बंपरवर आदळून हवा अडते, तिथे दाब वाढतो. बंपरच्या खालच्या कडेला आडवी प्लेट पुढे काढली की ही दाबाखालची हवा प्लेटवर बसते आणि नाक खाली रेटते. त्याच वेळी प्लेट आणि रस्ता यांच्यामधल्या फटीतून हवा वेगाने मागे जाते, तिथे दाब उतरतो आणि प्लेट खाली ओढली जाते. दोन्हींपैकी खालची ओढ मोठी असते, कारण तिला काम करायला क्षेत्रफळ जास्त मिळते. म्हणून नुसती ओठासारखी पट्टी लावून थोडकेच हाती लागते. प्लेट निदान पुढच्या चाकांच्या आसाच्या रेषेपर्यंत मागे न्यावी.

आता हिशेब. किनाऱ्यावरच्या उष्ण हवेची घनता घनमीटरला साधारण 1.15 किलो धरली, तर हवा पूर्ण अडली असता ताशी 80 किमीला चौरस मीटरमागे 29 किलो, 120 ला 65 किलो आणि 160 ला 116 किलो दाब येतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. 1.7 मीटर रुंद, 60 सेंटिमीटर खोल आणि बंपरच्या पुढे 75 मिमी आलेली प्लेट घ्या. ताशी 120 ला तिच्या पुढच्या पट्टीवर वरून सुमारे 8 किलो येतात. खालची ओढ सरासरी अडलेल्या दाबाच्या पाव ते अर्धी धरली तर आणखी 17 ते 33 किलो. म्हणजे 25 ते 40 किलो, आणि ताशी 160 ला 45 ते 75. हा आकडा प्लेट कशी बांधायची हे ठरवण्यासाठी आहे. गाडीच्या नाकावर मिळणारा निव्वळ फायदा याहून कमी असतो.

प्लेट कशाची

आमचा कौल 12 मिमी मरीन प्लायला. त्यावर आयएस 710 चा शिक्का आणि बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यात टिकणारा) दर्जा पाहूनच घ्या. वर सांगितलेल्या मापाची प्लायची प्लेट साधारण 8 किलो भरते. 3 मिमी ॲल्युमिनियमची त्याच मापाची प्लेटही जवळपास तेवढीच भरते. पण ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, त्यामुळे त्याच वजनात प्लाय चारपटीहून जास्त ताठ असतो. ॲल्युमिनियम एकदा वाकले की वाकलेलेच राहते. दुकानाच्या पाट्यांसाठी मिळणारी 3 मिमी एसीपी शीट वापरू नका, तिचा पत्रा कागदासारखा पातळ असतो आणि बोल्टभोवती फाटतो. 8 बाय 4 फुटांच्या एका प्लायमधून अशा दोन प्लेटी निघतात. दुसरी त्याच दिवशी कापून, भोके पाडून, राखीव ठेवा. ट्रॅकवर कर्बला (वळणाच्या कडेच्या उंचवट्याला) लागून कोपरा गेला तर पुढचा दिवस वाया जात नाही.

फर्मा आधी जाड पुठ्ठ्याचा करा. गाडी सपाट जमिनीवर, टायरमध्ये रोजची हवा, टाकी अर्धी. बंपरची खालची कड ओळंब्याने जमिनीवर उतरवा, रेघ जोडा आणि तिच्यापुढे 50 मिमी घ्या. पहिल्या स्प्लिटरला आम्ही याहून जास्त पुढे काढत नाही. 75 पर्यंत नंतर जाता येते. 100 च्या पुढे फायदा फारसा वाढत नाही, वाकवणारा जोर मात्र वाढतो.

पुढच्या कडेची खालची बाजू कानशीने आणि पॉलिश पेपरने छान गोलवा, अर्ध्या लंबगोलासारखी. इथे धार ठेवली तर हवा वळताना प्लेटपासून सुटते आणि खालची ओढ कमी होते. वरच्या बाजूला 2-3 मिमी गोलाई पुरे.

खारी हवा, पावसाळा आणि इपॉक्सी

प्लायला पाणी वरून लागत नाही, ते कडेने आणि भोकातून शिरते. म्हणून M8 बोल्टसाठी आधी 12 मिमी भोक पाडा, मागून टेप लावून ते फिलर (घट्टपणा आणणारी पूड) घातलेल्या घट्ट इपॉक्सीने (दोन भाग मिसळून लावायच्या राळेने) भरा, पूर्ण सुकल्यावर त्यातच मधोमध 8.5 मिमीचे भोक पाडा. मग बोल्ट लाकडाला न टेकता इपॉक्सीच्या कड्यात बसतो. फायबरच्या होड्या बांधणारे लोक हीच रीत पाळतात. आमच्या मते अख्ख्या कामात वेळ खर्चायची जागा हीच. कडांना पातळ इपॉक्सीचा पहिला हात द्या, लाकूड तो पिऊन टाकील. चिकट असतानाच दुसरा द्या. खालच्या बाजूला 200 जीएसएमचे (चौरस मीटरला 200 ग्रॅम) काचकापड एक थर पुरते.

जून ते सप्टेंबर हे काम शक्यतो टाळा. दमट हवेत सुकणाऱ्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो आणि त्यावरचा पुढचा हात किंवा रंग सोलून निघतो. हा थर पाण्यात विरघळतो. तेव्हा आधी साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीने धुवा, कोरडे करा, मगच 120 नंबरचा पेपर मारा. आधीच पेपर मारलात तर तो थर खोल रगडला जातो. पावसाळ्यात करावेच लागले तर बंद खोलीत बल्ब लावून प्लेट आसपासच्या हवेपेक्षा कोमट ठेवा.

नट, बोल्ट, वॉशर स्टेनलेस 316 चेच. 304 आपल्या खाऱ्या वाऱ्यात तपकिरी डाग धरते. स्टेनलेस थेट ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटला टेकले तर ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन झिजते, म्हणून मध्ये नायलॉनचा वॉशर घाला. आट्यांना अँटी-सीझ (आटे अडकू न देणारी पेस्ट) लावा, नाहीतर स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर अडकून बसतो आणि कापूनच काढावा लागतो. प्लायच्या बाजूला 30 मिमी व्यासाचा, 2 मिमी जाड वॉशर हवा.

बांधणी : बंपरवर भार नको

प्लास्टिकच्या बंपरला स्प्लिटर स्क्रूने मारणे ही सर्वांत घातक चूक. प्लेट सुटली की हवेने पुढची कड खाली वळते, पुढच्या चाकांखाली जाते आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. बंपरशी प्लेटचे नाते फक्त हवा अडवण्यापुरते ठेवा.

मागची कड चॅसीच्या दोन्ही रेलना 5 मिमी जाड अँगलच्या ब्रॅकेटने, बाजूला दोन-दोन M8 बोल्टनी धरा. पुढची कड चार ठिकाणी वर टांगा. टांगणीची भोके कडेपासून 50-60 मिमी आत घ्या. रॉड बंपरमधून आरपार जाऊन आतल्या धातूच्या क्रॅश बीमला किंवा त्याच्या टोकांना लागले पाहिजेत. रॉड जितका उभा, तितका चांगला. जमिनीशी 45 अंशांपेक्षा आडवा रॉड प्लेटला वर धरण्यापेक्षा मागेच जास्त ओढतो.

रॉड की वायर रोप, हे कुठे चालवता त्यावर ठरवा. रॉडने प्लेट दोन्ही दिशांना घट्ट राहते, थरथरत नाही, पण कर्बला आपटली की तो धक्का सरळ बीमवर जातो. मिरकरवाडा बंदराजवळच्या होडीसामानाच्या दुकानांत मिळते तशी 3 मिमी स्टेनलेस वायर रोप आणि टर्नबकल (फिरवून वायर ताणायचा आट्यांचा दुवा) वापरले तर ओढ तेवढीच पेलते आणि खालून धक्का बसल्यावर प्लेट वर सरकते. कर्बवरून जाणाऱ्यांना आम्ही वायर रोपच सुचवतो. टर्नबकलला लॉकनट हवाच.

बंपर आणि प्लेट यांमधली फट दाराला लावतात त्या ईपीडीएम रबर बीडिंगने पूर्ण बंद करा. वरची दाबाची हवा फटीतून खाली झिरपली तर जी ओढ मिळवायला हा सगळा खटाटोप, तीच जाते. रेडिएटरमधून बाहेर पडणाऱ्या हवेला वाट ठेवा, ती प्लेटच्या खाली सोडू नका. ऑइल फिल्टर आणि ड्रेन बोल्टसमोर झाकणाची खिडकी आताच कापून घ्या.

प्लेट जमिनीपासून 80 ते 100 मिमी. जोरात ब्रेक मारल्यावर नाक 25-30 मिमी खाली येते. 80 मिमीपेक्षा खाली बसवलेली प्लेट ब्रेकमध्ये जवळपास जमिनीला टेकते, खालची हवा कोंडते, ओढ एकदम जाते आणि नेमके वळणात शिरताना नाक हलके होते.

चाचणी 1 : वजन

गाडी लिफ्टवर घ्या. पुढच्या कडेवर लाकडी पट्टी ठेवून तिला पट्ट्यांनी पाच वीस-लिटरचे पाण्याचे कॅन समान अंतरावर लटकवा. झाले 100 किलो. एकदम नाही, एकेक करून. दर कॅननंतर दोन रॉडमधल्या भागाची उंची मोजा. 100 किलोला कड 5 मिमीपेक्षा जास्त खाली गेली तर मध्ये एक रॉड वाढवा. कॅन काढल्यावर प्लेट 1 मिमीच्या आत मूळ जागी आली नाही, तर कुठे तरी ब्रॅकेट वाकले आहे किंवा भोक लांबले आहे. ते सापडेपर्यंत गाडी ट्रॅकवर नेऊ नका. ही चाचणी मुद्दाम कडक आहे, कारण खरा दाब सगळ्या प्लेटवर पसरतो आणि इथे सगळे वजन कडेवर येते.

चाचणी 2 : लोकरीचे धागे आणि पाण्याची नळी

ही चाचणी बंद ट्रॅकवरच. मुंबई-गोवा महामार्ग किंवा कुठलाही रस्ता यासाठी नाही.

75 मिमी लांबीचे लोकरीचे धागे 100 मिमी अंतराने प्लेटवर आणि बंपरच्या बाजूंवर टेपने चिकटवा आणि ॲक्शन कॅमेऱ्याने चित्रण घ्या. धागे सरळ मागे पडले तर हवा चिकटून वाहते आहे. फडफडले किंवा उलटे फिरले तर तिथे ती सुटली. धागे दिशा दाखवतात, दाब दाखवत नाहीत.

दाबासाठी गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी घ्या. प्लेटमध्ये 2 मिमीचे भोक पाडा, खालच्या पृष्ठभागाशी अगदी समतळ. कडेला बर (भोक पाडताना उरलेली खरबरीत धार) राहिली तर आकडा खोटा येतो. नळीचे एक टोक वरून त्या भोकावर चिकटवा आणि नळी आत केबिनमध्ये आणा. तिथे तिचा यू आकार करून पुठ्ठ्यावर पट्टीशेजारी बांधा, शाई टाकलेले पाणी भरा, दुसरे टोक केबिनमध्ये उघडे. दोन्ही बाजूंच्या पातळीतला 1 मिमी फरक म्हणजे चौरस मीटरला 1 किलो. गुणाकार-भागाकाराची गरजच नाही. पट्टीवर 20 मिमी दिसले तर तिथे प्लेट चौरस मीटरला 20 किलोने खाली ओढली जात आहे.

खिडक्या बंद, ब्लोअर एकाच आकड्यावर. केबिनचा दाब बदलला तर वाचन बदलते, म्हणून हे आकडे तुलनेसाठीच वापरा : बीडिंगसह आणि बीडिंगशिवाय, 50 मिमी आणि 75 मिमी. प्रत्येक तुलना एकाच वेगाला, दोन्ही दिशांना, कारण किनाऱ्यावर वारा कधी पूर्ण पडत नाही. संदर्भासाठी नळीचे दुसरे टोक बंद बाटलीत घालायचा मोह होतो. ते करू नका. बंद बाटलीतली हवा एका अंशाने तापली तर पाणी 34 मिमीने हलते. वाचन चालकाने घ्यायचे नाही. बाजूला बसलेल्याने मोबाइलवर चित्रण करावे.

शॉकच्या रॉडवर केबल टाय बांधून दाब मोजता येतो असे काही जण सांगतात. 30 किलोने पुढच्या स्प्रिंगा पाच-सहा मिमीच दबतात, आणि ब्रेक व खड्डे टायला त्याच्या कितीतरी पुढे ढकलून ठेवतात.

मागच्या बाजूचे काय

पुढे पकड वाढली आणि मागे काही केले नाही, तर वेगवान वळणात पाय ॲक्सिलरेटरवरून उचलताच गाडीची शेपूट बाहेर येते. मंद वळणात हे कळतही नाही, म्हणून फसायला होते. मागे विंग नसलेल्या गाडीला आम्ही 50 मिमीपेक्षा मोठा स्प्लिटर बसवत नाही. पहिली फेरी नेहमीच्या वेगापेक्षा कमी वेगात, आणि वेग वाढवायचा तो टप्प्याटप्प्याने. प्रत्येक सत्रानंतर टर्नबकल, बोल्ट आणि भोकांभोवतीच्या रंगावर आलेल्या केसासारख्या चिरा पाहा. चीर दिसली की तो बोल्ट काढून भोक तपासायचे.

रस्त्यावर नाही

मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. शिवाय पुढे आलेली ताठ कड पायी चालणाऱ्याच्या नडगीला लागते. त्यामुळे आम्ही प्लेट सुटी ठेवतो. ब्रॅकेट गाडीवर राहतात, प्लेट ट्रॅकवर पोहोचल्यावर चढते. कोइम्बतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर जाताना गाडी फ्लॅटबेडवर जात असेल तर प्लेटही त्यावरच, आडवी, ब्लँकेटमध्ये बांधून पाठवा. आंबा घाटाच्या वळणांवर आणि गावागावांतल्या गतिरोधकांवर जमिनीपासून 80 मिमीवरची प्लेट टिकत नाही.

वर्कशॉपला येताना कापलेली प्लेट (अजून रंग न दिलेली), पुठ्ठ्याचा फर्मा आणि गाडी नेहमी ज्या टायरवर ट्रॅकला जाते तेच टायर लावून या. टायर बदलला की उंची बदलते आणि रॉडची लांबी चुकते. ब्रॅकेटचे काम आणि वजनाची चाचणी यांसाठी गाडी दोन दिवस ठेवावी लागेल.