होंडा सिटीच्या पाच पिढ्या आणि तिचा ‘स्पोर्टी’ लौकिक

सोलापुरात जुन्या गाड्यांच्या व्यवहारात होंडा सिटीचा विषय निघाला की मॉडेलचे वर्ष आणि किलोमीटर यांच्या आधी ‘व्हीटेक आहे का?’, म्हणजे फेरे वाढले की व्हॉल्व्ह जास्त उघडणारे होंडाचे ते इंजिन आहे का, हा प्रश्न अजूनही येतो. वास्तविक २००८ नंतर भारतात विकल्या गेलेल्या प्रत्येक पेट्रोल सिटीत व्हीटेकचेच कोणते ना कोणते रूप आहे. तरीही विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असते ती २००३ पूर्वीची बुटकी, सरळ रेषांची, एमएच १३ पासिंगची पहिली सिटी. त्या गाडीला मिळालेला वेगाचा लौकिक पुढच्या चारही पिढ्यांना वारशाने मिळाला, काहींना तो पेलला आणि काहींना नाही. माझ्या मते हा लौकिक कंपनीने ठरवून घडवलेला नव्हता. हलके वजन आणि वरच्या फेऱ्यांत, म्हणजे जोरात फिरू लागल्यावर, खुलणारे इंजिन एका गाडीत एकत्र आले, आणि त्यानंतरची प्रत्येक पिढी ही आधीच्या पिढीविषयीच्या तक्रारींना दिलेले उत्तर होती. या उत्तरांच्या ओघात चपळपणा कधी वाढला, कधी मागे पडला.

‘सिटी’ हे नाव मुळात सेडानचे नव्हते. १९८१ मध्ये जपानमध्ये होंडाने या नावाची एक उंच, आखूड हॅचबॅक आणली, आणि तिच्या डिकीत घडी घालून ठेवता येईल अशी मोटोकॉम्पो नावाची छोटी स्कूटरही सोबत विकली. या मूळ सिटीची टर्बो आवृत्ती १९८२ मध्ये आणि फुगीर मडगार्डांमुळे ‘बुलडॉग’ म्हणून ओळखली गेलेली टर्बो टू १९८३ मध्ये आली. अवघ्या १,२३१ सीसीच्या इंजिनातून टर्बो टू ११० अश्वशक्ती काढत असे, म्हणजे भारतात गाजलेल्या व्हीटेकपेक्षाही अधिक, आणि तेही जवळपास दोन दशके आधी. पुढे १९९४ मध्ये जपानमधील ही हॅचबॅक बंद झाली, आणि १९९६ मध्ये थायलंडमध्ये हेच नाव एका नव्या सेडानला देण्यात आले. आधीच्या काळातील सिव्हिकच्या सांगाड्यावर बेतलेली ही गाडी आशियाई बाजारांसाठी, परवडणारी सेडान म्हणून तयार केलेली होती. शर्यतीचा विचार तिच्या जन्मामागे कुठेही नव्हता.

भारतात होंडाच्या मोटारींचा कारभार डिसेंबर १९९५ मध्ये स्थापन झालेल्या होंडा सिएल कार्स इंडिया या कंपनीने सुरू केला. सिएल म्हणजे सिद्धार्थ श्रीराम समूह; सोलापूरच्या व्यापाऱ्यांना तो वेगळ्या वाटेने परिचित होता, कारण विजेच्या भारनियमनाच्या काळात दुकानांच्या पायऱ्यांवर घरघरणाऱ्या श्रीराम होंडा जनरेटरमागचा समूहही तोच. घरोघरी हीरो होंडाची मोटारसायकल किंवा कायनेटिक होंडाची स्कूटर होतीच. त्यामुळे १९९८ च्या सुरुवातीला ग्रेटर नोएडाच्या कारखान्यातून सिटी बाजारात आली तेव्हा होंडाचे इंजिन तक्रार करत नाही, ही खात्री गिऱ्हाइकाच्या मनात आधीपासून रुजलेली होती. मारुती एस्टीम, देवू सिएलो, ओपेल अ‍ॅस्ट्रा आणि फोर्ड एस्कॉर्ट ही तेव्हाची बरोबरीची मंडळी. पहिली सिटी १.३ आणि १.५ लिटरच्या, चार सिलिंडर आणि सोळा व्हॉल्व्हच्या पेट्रोल इंजिनांसह आली. मोठ्या इंजिनाची ताकद १०० अश्वशक्तीच्या घरात होती, आणि त्या काळच्या भारतीय रस्त्यांवर हा आकडा खरोखर मोठा होता.

तिचा खरा दबदबा मात्र २००० नंतर, चेहरामोहरा बदललेल्या गाडीत १०६ अश्वशक्तीचे व्हीटेक इंजिन बसल्यावर निर्माण झाला. होंडाने हे तंत्र सर्वप्रथम १९८९ मध्ये जपानी इंटेग्रा गाडीत आणले होते. इंजिनाचे व्हॉल्व्ह किती आणि किती वेळ उघडावेत हे कॅमशाफ्टवरील उंचवट्यांचा आकार ठरवतो. उंचवटा सौम्य असेल तर कमी फेऱ्यांत इंजिन गुळगुळीत चालते आणि पेट्रोल कमी पिते, पण जोरात पळताना त्याचा दम कोंडतो. उंचवटा मोठा असेल तर वरच्या फेऱ्यांत ताकद मिळते, पण शहराच्या गर्दीत गाडी अडखळते. व्हीटेकमध्ये दोन्ही प्रकारचे उंचवटे एकाच कॅमशाफ्टवर असतात. फेरे ठराविक मर्यादेपुढे गेले की तेलाच्या दाबाने एक छोटी पिन सरकते, रॉकर आर्म एकमेकांना जोडले जातात आणि इनटेक व्हॉल्व्ह मोठ्या उंचवट्याच्या हुकमात जातात. चालकाला हा बदल आवाजातून कळतो, आणि क्षणभराने पाठीला.

या इंजिनाला ओढायचे होते ते फक्त एक टनाच्या आसपासचे वजन. सोलापूर-पुणे रस्ता तेव्हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९ होता, बराचसा दुपदरी, आणि टेंभुर्णी-इंदापूरच्या पट्ट्यात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगेमागे अडकलेल्या गाडीला पुढे काढायचे तर समोरून येणाऱ्या मालट्रकच्या आधी मोजके क्षण मिळत. अशा ठिकाणी गिअर एकाने उतरवून फेरे वर चढवले की व्हीटेक जे करी, ते त्या किमतीच्या फार थोड्या गाड्यांना जमत असे. तुळजापूरच्या घाटातही तेच. मिटरवरचा सर्वोच्च वेग हा गप्पांचा विषय होता. उपयोग होता तो या ओव्हरटेकचा, आणि लौकिक पसरला तो त्याच्याच जोरावर. बसायला मात्र गाडी खाली होती, मागच्या सीटवर उंच माणसाला अवघडल्यासारखे होई, आणि हौसेने चालवली की अ‍ॅव्हरेज डोळ्यांत भरण्याजोगे कमी होई.

या तक्रारींचे उत्तर म्हणजे २००३ च्या अखेरीस आलेली दुसरी पिढी, जिला आपल्याकडे ‘डॉल्फिन’ म्हटले गेले. होंडाच्याच जॅझ या हॅचबॅकच्या घराण्यातल्या या गाडीत पेट्रोलची टाकी मागून काढून पुढच्या सीटखाली नेलेली होती, त्यामुळे मागे पाय पसरायला जागा आणि ५०० लिटरची डिकी मिळाली. इंजिन १.५ लिटरचेच, पण आय-डीएसआय प्रकारचे: प्रत्येक सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह आणि दोन स्पार्क प्लग, म्हणजे चार सिलिंडरांना आठ प्लग. दोन ठिकाणी ठिणगी पडल्याने हवा-पेट्रोलचे पातळ मिश्रणही पूर्ण जळते, आणि कमी इंधनात काम भागते. त्याच वर्षी पुण्याच्या बजाज ऑटोने पल्सरमध्ये दोन स्पार्क प्लगांचे डीटीएस-आय तंत्र आणले आणि कॉलेजच्या पोरांत ते पिकअपचे लक्षण ठरले; सिटीत तीच कल्पना बचतीच्या सेवेला लावलेली होती. ताकद १०६ वरून ७७ अश्वशक्तीवर आली. कुठल्याही उत्पादकाने आपल्या गाजलेल्या गाडीची ताकद चतुर्थांशाहून अधिक कमी करून तिला नवी पिढी म्हणावे, असे क्वचितच घडते.

शौकिनांनी या गाडीला नावे ठेवली आणि बाजाराने ती उचलून धरली. दोघांचेही बरोबर होते, असे मला वाटते. रोज चादरी-टॉवेलच्या कारखान्यातून अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसी ते नवी पेठ अशा फेऱ्या करणाऱ्या मालकाला ६,००० फेऱ्यांवर खुलणारे इंजिन काय कामाचे? त्याला सोलापूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशी ओलांडून गेलेला असताना, एसी लावूनही न कुरकुरणारी आणि पंपावर वारंवार न थांबणारी गाडी हवी होती. हे आय-डीएसआय इंजिन खालच्या फेऱ्यांत, साधारण २,७०० च्या आसपासच, आपला पूर्ण जोर देत असल्याने गर्दीत ते पहिल्या सिटीपेक्षा हाताळायला सोपे होते. पुढे झेडएक्स या सुधारित रूपात व्हीटेक परत आले, पण १०० अश्वशक्तीच्या आसपासच थांबले.

सप्टेंबर २००८ मध्ये आलेली तिसरी पिढी ही मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत समतोल गाडी वाटते. आधीच्या पिढीची ऐसपैस जागा तिने सोडली नाही, बुटके आणि बाणासारखे पुढे झेपावलेले रूप तिने परत आणले, आणि इंजिनात सिलिंडरमागे पुन्हा चार व्हॉल्व्ह देऊन ११८ अश्वशक्ती काढली. स्वयंचलित आवृत्तीत सीव्हीटी, म्हणजे ठराविक गिअर नसलेली सलग पेटी, जाऊन खरेखुरे पाच गिअर आले आणि ते बदलण्यासाठी स्टिअरिंगमागे पॅडल आले. या वर्गातल्या भारतीय गाडीत ते तेव्हा नवलाचे होते. अँटी-लॉक ब्रेक आणि दोन एअरबॅग सुरुवातीला सगळ्याच आवृत्त्यांत होते, हेही नोंदवायला हवे, कारण तेव्हा सुरक्षेची साधने बहुधा सर्वांत महागड्या आवृत्तीपुरती राखून ठेवली जात.

एवढे असूनही ही गाडी तीन वर्षांत मागे ढकलली गेली, आणि त्याचे कारण गाडीत नव्हते. जून २०१० मध्ये केंद्र सरकारने पेट्रोलच्या किमतीवरील नियंत्रण काढले. डिझेलवरचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत राहिले. मधल्या काळात दोन इंधनांतील अंतर एके वेळी लिटरमागे पंचवीस रुपयांहून अधिक झाले. होंडाकडे लहान डिझेल इंजिन नव्हते. फोक्सवॅगन व्हेंटो २०१० मध्ये आणि ह्युंदाई व्हर्नाचे नवे रूप २०११ मध्ये डिझेलसह आले, व्हर्नाचे १.६ लिटरचे डिझेल १२८ अश्वशक्तीचे होते, म्हणजे स्वस्त इंधनावर चालणारी गाडी ताकदीतही सिटीच्या पुढे गेली. पुण्याला किंवा हैदराबादला महिन्यातून अनेक खेपा करणाऱ्याने हिशेब मांडला की निकाल एकच लागे. होंडाने सीएनजीची सिटी आणून पाहिली, पण टाकीने डिकी खाल्ली आणि लांबच्या रस्त्यांवर पंपच नव्हते.

नोव्हेंबर २०१३ मध्ये दिल्लीत जगासमोर आणलेली आणि जानेवारी २०१४ पासून विकली गेलेली चौथी पिढी त्यामुळे प्रथमच डिझेल घेऊन आली. १.५ लिटरच्या, अ‍ॅल्युमिनियमच्या या इंजिनाची ताकद १०० अश्वशक्ती, टॉर्क (म्हणजे ओढण्याचा जोर) २०० न्यूटन मीटर आणि प्रमाणित अ‍ॅव्हरेज लिटरला २६ किलोमीटर होते. त्याचा आवाज गाडीत यायचा, आणि होंडाच्या शांत पेट्रोल इंजिनाची सवय असलेल्यांना तो खटकायचा. पेट्रोलमध्ये पाच गिअरची स्वयंचलित पेटी जाऊन पुन्हा सीव्हीटी आली. जोरात दाबले की फेरे वर जाऊन तिथेच रेंगाळत आणि गाडी मागाहून येई. पॅडल होते, पण ते आता कल्पित सात पायऱ्या बदलत. सनरूफ, टचस्क्रीन, मागे एसीची झडप असा सुखसोयींचा भरणा वाढला. स्पोर्टी हा शब्द जाहिरातीत राहिला.

पाचवी पिढी जुलै २०२० मध्ये, टाळेबंदीच्या सावटाखाली आली. लांबी ४,५४९ मिलिमीटर आणि रुंदी १,७४८ मिलिमीटर झाल्याने ती रस्त्यावर अधिक पक्की बसते, हाताने बदलायचे गिअर सहा झाले, आणि दोन कॅमशाफ्टचे नवे इंजिन १२१ अश्वशक्ती देऊ लागले. थायलंडमध्ये याच गाडीला एक लिटरचे, १७३ न्यूटन मीटर टॉर्कचे टर्बो इंजिन मिळाले. भारतात ते आले नाही. २००८ ची ११८ आणि २०२० ची १२१ हे आकडे शेजारी ठेवले की बारा वर्षांत होंडाने भारतीय सिटीच्या वेगाविषयी किती विचार केला ते दिसते. पेट्रोल सिटीच्या मागच्या चाकांना डिस्क ब्रेकही मिळाले नाहीत.

तोवर स्पर्धकांनी वाटच बदलली होती. २०२२ मध्ये आलेल्या स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस यांचे १.५ लिटरचे टर्बो इंजिन १५० अश्वशक्ती आणि २५० न्यूटन मीटर देते, २०२३ च्या व्हर्नाचे १६० अश्वशक्ती. सिटीला आपला पूर्ण टॉर्क काढायला ४,००० च्या पुढे फेरे न्यावे लागतात. टर्बो गाड्यांना तो २,००० च्या आतच मिळतो. चौपदरी झालेल्या पुणे रस्त्यावर गिअर न उतरवता गाडी पुढे काढता येणे, हा आजचा चपळपणा आहे, आणि त्या मोजपट्टीवर सिटी मागे आहे. वरच्या फेऱ्यांत मोकळे होणारे, विनाटर्बो इंजिन ज्यांना आवडते, त्यांच्यासाठी मात्र या वर्गात आता फारसे काही उरलेले नाही.

मे २०२२ मधील हायब्रिड सिटीने वेगळाच पर्याय दिला: दोन विद्युत मोटारी, २५३ न्यूटन मीटर टॉर्क, लिटरला २६.५ किलोमीटर प्रमाणित अ‍ॅव्हरेज, मागे डिस्क ब्रेक. सिग्नलवरून ती व्हीटेकपेक्षाही चटकन सुटते. बॅटरीमुळे डिकी मात्र ३०६ लिटरवर आली. लग्नसराईत चार बॅगा आणि आहेराचे गठ्ठे घेऊन निघणाऱ्या कुटुंबासाठी ही उणीव किरकोळ नाही. डिझेल सिटी एप्रिल २०२३ पासूनच्या कडक उत्सर्जन नियमांच्या तोंडावर बंद झाली.

दरम्यान कारखाना आणि बाजार दोन्ही बदलले. होंडाने २०१२ मध्ये भागीदाराचा हिस्सा विकत घेतला, २०२० च्या अखेरीस ग्रेटर नोएडातले मोटारींचे उत्पादन थांबवले आणि सगळे काम राजस्थानातील तापुकारा येथे नेले. साखर कारखानदारीच्या आपल्या जिल्ह्यात उंच गाडीला मान पूर्वीपासून होताच. २०१५ च्या ह्युंदाई क्रेटा या एसयूव्हीनंतर तो मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला, आणि सिटीचेच १२१ अश्वशक्तीचे इंजिन २०२३ मध्ये होंडाने एलिव्हेट या एसयूव्हीत बसवले. करानेही सेडानची बाजू घेतलेली नाही. चार मीटरच्या आतील लहान पेट्रोल गाडीवर पूर्वी उपकरासह २९ टक्के आणि सिटीवर ४५ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून हे दर अनुक्रमे १८ आणि ४० टक्के झाले. सिटी स्वस्त झाली, पण त्याच शोरूममध्ये उभ्या असलेल्या, चार मीटरच्या आतल्या अमेझपासून तिचे करातले अंतर सोळा टक्क्यांवरून बावीस टक्क्यांवर गेले.