संगणक सुरू होताना अडकणे

संगणक सुरू होताना अडकणे : बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंतच्या वाटेत संगणक मध्येच थांबणे आणि माउस, कीबोर्ड कशालाच दाद न देणे. कोल्हापुरात याला ‘लोगोवर बसलाय’, ‘हँग झालाय’ किंवा ‘नुसतं गोल गोल फिरतंय’ असे म्हणतात. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवरूनच सांगते, ‘चालू होतंय, पण फुडं जाईना झालंय बघा.’ जाणता दुरुस्तीवाला त्यावर एकच विचारतो, ‘कुठं येऊन थांबतंय?’ निम्मे निदान या उत्तरात असते, कारण थांबण्याची जागा बदलली की दोषी भागही बदलतो.

वीज मिळताच प्रोसेसर आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला बायोस हा प्रोग्राम चालवतो. (नव्या यंत्रांत त्याच्या जागी यूईएफआय असते, पण बोलताना सगळे बायोसच म्हणतात.) तो रॅम, ग्राफिक्स, कीबोर्ड यांची हजेरी घेतो आणि मग डिस्कवरच्या बूट लोडरच्या (विंडोजला उठवणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या) हाती कारभार सोपवतो. पुढे विंडोजचा गाभा, त्यामागून ड्रायव्हर (एकेक भाग चालवणारे प्रोग्राम), पडद्यामागे चालणाऱ्या सेवा आणि शेवटी लॉगिनचा पडदा.

कंपनीच्या लोगोवरच, खालचे ठिपके फिरायच्या आधी गाडी थांबली, तर विंडोजला दोष देण्यात अर्थ नाही. ती अजून मैदानात उतरलेलीच नसते. इथे आधी कीबोर्ड आणि मॉनिटर सोडून बाकी सगळे काढायचे : पेनड्राइव्ह, प्रिंटर, डोंगल. मागे विसरून राहिलेल्या पेनड्राइव्हवरून बूट होण्याचा प्रयत्न करत बसलेली यंत्रे काही कमी नसतात. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर२०३२ (२० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट), संपला की तारीख मागे जाते, बायोसची मांडणी मूळपदावर येते आणि जुने यंत्र ‘एफ१ दाबा’ म्हणून तिथेच उभे राहते. डिस्कच्या जोडणीची पद्धतही त्या भरात बदलली, तर धडधाकट विंडोजसुद्धा उठत नाही. चाळीस-पन्नास रुपयांच्या सेलपायी नवी हार्ड डिस्क विकली जाण्याचे प्रकार यातूनच होतात.

रॅम पुसून बसवणे हा या टप्प्यावरचा सर्वांत लाडका उपाय. आधी वायर काढायची, कॅबिनेटची बाजू उघडायची, स्लॉटच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा बाहेर दाबायच्या. पट्टी वर उचलली जाते. शाळेच्या कंपासपेटीतल्या खोडरबराने सोनेरी दात एकाच दिशेने हलके घासायचे, भुगा फुंकरीने नव्हे तर ब्रशने झाडायचा (फुंकरीबरोबर थुंकीही जाते) आणि दोन्ही टोकांना ‘टक्क’ असा आवाज येईपर्यंत पट्टी दाबायची. दातांवर सोन्याचा थर अतिशय पातळ असतो. जोर काढून घासले तर तोच निघून जातो, म्हणून काटेकोर मंडळी रबराऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. तरीही रबर चालतो हे खरे, आणि पावसाळ्यात तर फारच चालतो. दमट हवेत दातांवर बारीक थर धरतो. उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये किंवा शिरोलीच्या फौंड्रीत ठेवलेल्या संगणकात त्यावर वाळूची आणि लोखंडाची धूळ बसते. अशा यंत्राचा पंखा काढला की बोटे काळी होतात. लोखंडाची धूळ वीज वाहून नेते, त्यामुळे तिथे ब्लोअर मारणे ही स्वच्छता नसून दुरुस्तीच असते.

ठिपके फिरू लागल्यावर अडकले तर संशय ड्रायव्हर, अर्धवट राहिलेले अपडेट आणि डिस्क यांच्यावर. खरोखर अडकले आहे की नुसते रेंगाळते आहे, हे कॅप्स लॉक दाबून कळते : दिवा लागत-विझत असेल तर आत जीव आहे, थांबावे. डिस्कचा दिवा सतत पेटलेला आणि आतून टकटक येत असेल तर मात्र पुढचे प्रयोग बंद करून आधी डेटा काढून घ्यावा. अपडेट चालू असताना लाइट गेली, हे कारण तर इतके नेहमीचे आहे की त्यावर वेगळे लिहायला नको.

यावरचे मुख्य हत्यार सेफ मोड, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरांवर विंडोज उठवणे. विंडोज ७ पर्यंत एफ८ दाबून तो मिळे. विंडोज ८ पासून सुरुवात वेगवान करण्याच्या नादात ही सोय नेहमीच्या वाटेवरून उठली. आता लागोपाठ दोन-तीनदा मध्येच बंद पडले की दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. जुन्या विंडोजमध्ये सेफ मोडला फायलींची यादी सरकताना दिसे. विंडोज एक्सपीत ती बऱ्याचदा ‘मप डॉट सिस’वर थांबे आणि लोक त्या बिचाऱ्या फायलीला शिव्या घालत. ती नीट लोड झालेली असे. अडलेले असे ते तिच्या पुढचे, अजून न दिसलेले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे सुरू होता होता निळ्या पडद्यावर कोसळू लागली, तेव्हाही अनेक ठिकाणी एकेका यंत्रापाशी बसून, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसणे हाच उपाय ठरला.

‘बंद करून चालू करा’ हा सल्लाही विंडोज ८ पासून अर्धाच उरला आहे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर गाभ्याची स्थिती डिस्कवर साठवून ठेवली जाते आणि तीच पुन्हा उचलली जाते, चुकीसकट. ‘रीस्टार्ट’ केले तरच कोरी सुरुवात होते.

लॉगिननंतर पडदा काळा राहणे हा सौम्य प्रकार. त्यामागे बहुधा एकाच यंत्रात भांडणारे दोन अँटिव्हायरस किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर असतो.

शहरात सर्वाधिक सांगितला जाणारा उपाय मात्र वेगळाच आहे : ‘फॉरमॅट मारूया.’ दुकानदाराला तो सोयीचा, कारण शोधत बसावे लागत नाही. गिऱ्हाइकाला त्याची किंमत नंतर कळते. लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्याचे उदाहरण घ्यावे. फॉरमॅटनंतर यंत्र झकास उठते, पण युनिकोडपूर्व फॉन्टांत केलेल्या जुन्या पत्रिका उघडल्या की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा कचरा दिसतो, कारण फॉन्टही उडालेले असतात. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फायली सी ड्राइव्हवरच असतात हे अनेकांना त्याच दिवशी समजते. नव्या लॅपटॉपांत बिटलॉकरचे, म्हणजे डिस्कवरचा डेटा सांकेतिक करून ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीचे, कुलूप असू शकते. बायोसला हात लावण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी हवी, एरवी सी काय नि डी काय, आतले काहीच हाती लागत नाही.

पुराचे यंत्र हा इथला खास वर्ग. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये नदी तिच्या कितीतरी वर गेली आणि शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरच्या तळमजल्यांवर टेबलाखालची कॅबिनेट बुडाली. असे यंत्र ‘बघूया तरी’ म्हणून चालू करणे सर्वांत वाईट. बोर्ड स्वच्छ पाण्याने गाळ काढून, मग आयसोप्रोपिलने धुऊन कित्येक दिवस सुकवावा लागतो. हार्ड डिस्कला हवेचे बारीक छिद्र असते. त्यातून पाणी आत गेले असेल तर तिला वीज न देता डेटा काढणाऱ्याकडेच न्यावे.

सकाळी पहिल्यांदा अडकतो, दोन-तीनदा बंद-चालू केला की दिवसभर सुरळीत, असा एक चकवा उरतो. यात एसएमपीएसमधले (कॅबिनेटला वीज पुरवणाऱ्या डब्यातले) थकलेले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, असण्याची शक्यता मोठी. थंड असताना ते नीट काम करत नाहीत, ऊब मिळाली की सावरतात. असले यंत्र दुपारी दुकानात नेले तर काही केल्या अडकून दाखवत नाही. म्हणून अनुभवी दुरुस्तीवाला ते रात्रभर ठेवून घेतो आणि सकाळी शटर उघडल्यावर आधी त्याचे बटण दाबतो.