हेरोल्ड्टच्या कुंचल्यातला चीन

जर्मनीतल्या माइसेनच्या पोर्सिलेनच्या, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात १७२०च्या दशकात रंगवलेले चहाचे कप पाहिले की पहिल्यांदा लक्षात येतं, त्यांना कान नाहीत. चिनी कपांना नसत, म्हणून यांनाही नाहीत. बाहेरच्या बाजूला सोनेरी महिरपीत एक टोपीवाला चिनी माणूस वाफाळत्या किटलीशी बसलेला दिसतो. वर आकाशात त्याच्या डोक्याएवढा किडा उडतोय! असा चीन कुठेच नव्हता. कारखान्याचा चित्रकार योहान ग्रेगोरियस हेरोल्ड्ट यानं तो मनानं रचला होता. त्याच्या कार्यशाळेतल्या अशा शेकडो आकृत्यांची रेखाटनं आजही जपलेली आहेत.

चित्रातला चीन काल्पनिक असला, तरी ज्या रंगांनी तो उभा केला ते पक्क्या रसायनशास्त्राचं फळ आहे, आणि मला त्याचंच अप्रूप जास्त वाटतं.

सॅक्सनीचा शासक आणि पोलंडचा राजा दुसरा ऑगस्टस चिनी पोर्सिलेनपायी वेडा झाला होता. सोनं बनवण्याचा दावा करणाऱ्या योहान ब्योटगरला त्यानं कैदेत ठेवलं होतं. चिर्नहाउस या शास्त्रज्ञाबरोबर काम करताना ब्योटगरला केओलिन या पांढऱ्या मातीपासून पोर्सिलेन बनवण्याचं गमक सापडलं आणि १७१०मध्ये कारखाना उभा राहिला. भांडं पांढरंशुभ्र झालं, उकळता चहाही सोसू लागलं. पण त्यावर रंगीत चित्र काढायचं कसं?

अडचण भट्टीची होती. माइसेनच्या पोर्सिलेनला सुमारे १४०० अंश सेल्सिअस आच लागते. एवढ्या आचेत बहुतेक रंग उडून जातात किंवा बिघडतात. कोबाल्टचा निळा टिकतो, पण सुरुवातीला तोही पसरायचा, काळपट पडायचा. मग चेहऱ्यावरची बारीक रेघ कशी उमटणार?

१७२०मध्ये व्हिएन्नाहून आलेल्या हेरोल्ड्टनं चित्र झिलईवर, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या चकचकीत थरावर काढण्याची पद्धत तडीस नेली. धातूची संयुगं आणि लवकर वितळणाऱ्या काचेची पूड तेलात कालवायची, भाजून तयार झालेल्या कपावर रंगवायचं आणि पुन्हा भट्टीत घालायचं, पण या वेळी साधारण ८०० अंशांवर. काच वितळते, झिलईला चिकटते आणि रंग आत पकडून ठेवते. लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा, हिरवा तांब्याचा. जांभळट गुलाबी तर चक्क सोन्याचा: सोन्याचे कण नॅनोमीटरच्या मापाचे झाले की ते हिरवा प्रकाश शोषून घेतात आणि काच गुलाबी, जांभळी दिसते. हे कारण कळायला पुढची दोन शतकं जावी लागली. कारागीर मात्र कथलाच्या क्षारानं सोन्याचं द्रावण साकळवून तो रंग मिळवत होते.

महिरपीवरचं सोनं सगळ्यात शेवटी, आणखी मंद आचेवर. भट्टीतून ते निस्तेज निघतं; घोटून घोटून त्याला चकाकी आणावी लागते.