आकाश गोठवतं ते मैदान

शिमल्यात हिमवर्षाव झाला की पर्यटकांची चंगळ होते, आणि लक्कड बाजाराच्या खालच्या अंगाला असलेलं आइस स्केटिंग रिंक मात्र बंद ठेवावं लागतं. पांढरंशुभ्र शिमला बघायला गेलेल्या माणसाला हे अजब वाटतं. बर्फावरचा खेळ बर्फ पडल्यावरच कसा थांबतो?

हे रिंक 1920 सालचं. ब्लेसिंग्टन नावाच्या साहेबाने टेनिस कोर्टावर पाणी सोडून ते रात्रीत गोठवलं आणि स्केटिंग सुरू केलं, असं सांगतात. बादलीत राहिलेलं पाणी सकाळी गोठलेलं दिसलं, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली अशी कथा आहे. कथा खरी असो वा नसो, पद्धत आजवर जवळपास तीच राहिली. संध्याकाळी मैदान झाडायचं, नळीने पाण्याचा पातळ थर फवारायचा, तो धरला की वर दुसरा. सकाळी लवकर पोरं स्केट बांधून हजर.

आता खरी गंमत. शिमला समुद्रसपाटीपासून सुमारे 2,200 मीटरवर आहे, पण लडाखसारखं कडाक्याचं थंड नाही. डिसेंबर-जानेवारीतही तिथे हवेचं किमान तापमान बऱ्याच रात्री शून्याच्या वर दोन-चार अंश असतं. पाणी गोठतं शून्याला. मग हे मैदान गोठवतं कोण?

उत्तर आहे आकाश. प्रत्येक पृष्ठभाग अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, किरणांच्या रूपात उष्णता बाहेर टाकत असतो. शून्य अंशाचं पाणी किंवा बर्फ दर चौरस मीटरमागे सुमारे 300 वॅट उष्णता वर फेकतो. आकाश ढगाळ असेल तर ढग जवळजवळ तेवढीच परत खाली पाठवतात. हिशेब बरोबरीत सुटतो. पण आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल, तर परत येणारी उष्णता सव्वादोनशे वॅटच्या आसपास भरते. उरलेले सत्तर-ऐंशी वॅट सरळ अवकाशात जातात. म्हणून शांत, चांदण्या रात्री जमिनीलगतचा पृष्ठभाग वरच्या हवेपेक्षा कित्येक अंशांनी जास्त गार होतो. वारा सुटला तर मात्र वरची उबदार हवा खाली घुसळली जाते आणि सगळं मुसळ केरात.

महाबळेश्वरला दर हिवाळ्यात वेण्णा लेकच्या परिसरात गाड्यांच्या टपांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर दव गोठतं, त्याचे फोटो वर्तमानपत्रात येतात, आणि शेजारच्याच बातमीत किमान तापमान पाच-सहा अंश छापलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटतं, यातलं एक काहीतरी चुकलंय. दोन्ही बरोबर असू शकतं: तापमापी जमिनीपासून वर, आडोशाच्या पेटीत असते, आणि टप उघड्या आकाशाखाली.

हे आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. 1775 साली रॉबर्ट बार्कर या इंग्रज सेनाधिकाऱ्याने लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला कळवलं, की अलाहाबादेकडे लोक हिवाळ्याच्या रात्री उथळ मातीच्या ताटल्या उसाच्या चिपाडांवर मांडून त्यात बर्फ धरतात. अलाहाबादच्या सपाट मैदानात! चिपाडं खालच्या जमिनीची ऊब अडवत, आणि ताटलीतलं पाणी आकाशाकडे उष्णता घालवून गोठे. त्यामागचं कारण मात्र नीट उमगायला 1814 साल उजाडलं. दव कसं पडतं याचा अभ्यास करताना विल्यम वेल्स या लंडनच्या डॉक्टरने ते उलगडलं. बर्फ धरणाऱ्या कारागिरांचं काम त्या उलगड्यावाचून अडलं नव्हतं.

पाणी एकदम ओतून का चालत नाही, तेही याच हिशेबात बसतं. शून्य अंशाच्या एक किलो पाण्याचा शून्य अंशाचा बर्फ व्हायला 334 किलोज्यूल उष्णता बाहेर पडावी लागते. तापमान तेच, तरी एवढी! एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर थर म्हणजे बरोबर एक किलो पाणी. सेकंदाला ऐंशी ज्यूल या गतीने तो गोठायला साधारण सव्वा तास. हिवाळ्याची रात्र कितीही लांब म्हटली तरी सेंटिमीटरभर बर्फ म्हणजे डोक्यावरून पाणी. शिवाय जाड थर ओतला तर वरची साय आधी धरते, खाली पाणी राहतं, विरघळलेली हवा बुडबुडे होऊन अडकते, आणि स्केटची पाती पडली की ती पोकळ साय फुटते. म्हणून थर पातळच हवा, आणि माणसात धीर हवा.

हिमवर्षाव नको असतो तो दोन कारणांनी. हिम पडायचं तर ढग हवेत, म्हणजे आकाशाची खिडकी बंद. आणि पडलेलं भुसभुशीत हिम म्हणजे निम्म्याहून जास्त हवाच. रिंकवर ती गोधडी पांघरली गेली की खालच्या बर्फाला उष्णता बाहेर टाकता येत नाही.

दिवसा उन्हापासून वाचायला रिंकची जागा कामी येते. ते रिजच्या, म्हणजे शिमल्याच्या माथ्यावरच्या मोकळ्या जागेच्या, उत्तरेकडच्या उतारावर आहे, आणि हिवाळ्यातला कलता सूर्य डोंगराआड राहतो. साहेबाने हे ठरवून केलं की टेनिस कोर्ट नशिबाने तिथे होतं, कोण जाणे.

आता घसरण्याकडे. बर्फ निसरडा का, याचं शाळेत शिकवलं जाणारं उत्तर म्हणजे पात्याच्या दाबाने बर्फ वितळतो. ते अपुरं आहे. साठ किलोच्या माणसाचा भार पात्याच्या पाच-सहा चौरस सेंटिमीटरवर आला, तर दाब होतो दहा वातावरणांएवढा, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दहापट. वातावरणाएवढ्या दर दाबामागे बर्फाचा वितळणबिंदू उतरतो जेमतेम 0.0074 अंश. म्हणजे सगळा मिळून एक दशांश अंशही नाही. उणे पाच अंशांवरचा बर्फ त्याने वितळायचा नाही. 1939 साली बाउडन आणि ह्यूज या संशोधकांनी दाखवलं, की घर्षणाची उष्णता पात्याखाली पाणी करते. पण नुसतं उभं राहिलं तरी पाय निसटतो, तेव्हा घर्षण कुठे असतं? त्याचा धागा मायकेल फॅरेडेने 1850 मध्येच पकडला होता: बर्फाच्या अगदी वरच्या पृष्ठभागावरचे रेणू शून्याखालीही घट्ट बांधलेले नसतात. त्यांना धरून ठेवायला वरून कोणीच नसतं, म्हणून ते सैल, चळवळे राहतात. 2018 मधल्या प्रयोगांत घर्षण सर्वांत कमी भरलं ते उणे सात अंशांच्या आसपास. त्याहून थंड बर्फावर हे रेणू सुस्तावतात, आणि त्याहून ऊबदार बर्फ मऊ पडून पातं रुतू लागतं. शिमल्याचा बर्फ बहुधा मऊ बाजूचाच; सकाळची वेळ सोन्यासारखी, ती त्यामुळे.

लडाखात गोष्टच वेगळी. लेह साडेतीन हजार मीटरवर, हवा विरळ आणि कोरडी, त्यात हवाच शून्याच्या खूप खाली. तिथे तळीच्या तळी गोठतात आणि पोरंपोरी त्यावर आइस हॉकी खेळतात. भारताच्या महिला संघात लडाखी मुलींचाच भरणा असतो. हा संघ 2016 मध्ये पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला, आणि 2017 मध्ये बँकॉकला फिलिपिन्सला 4-3 असं हरवून त्याने पहिला विजय मिळवला.

शिमल्याकडे लडाखइतकी थंडीची शिल्लक नाही. दोन-तीन अंशांच्या फरकावर सगळा डाव उभा, त्यामुळे रात्री जराशा उबदार झाल्या तरी बर्फ धरत नाही, आणि स्केटिंगचा हंगाम पूर्वीपेक्षा आखडला आहे. उपाय म्हणून बर्फाखाली गारवा खेळवणाऱ्या नळ्या टाकता येतात. ढगाळ रात्रीही त्या काम करतात, फक्त आकाश जे फुकट करतं त्याचं बिल येतं. डेहराडूनला 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी असं बंदिस्त रिंक बांधलं गेलं, आणि स्पर्धा संपल्यावर ते कित्येक वर्षं बंद पडून राहिलं. शिमल्यात नळ्या आल्या तरी निरभ्र रात्री यंत्र कमी चालवावं लागेल. तेवढी वीज वाचवायची तर रिंक उघडंच ठेवलेलं बरं.