पितळेवरचा सम्राट

रोमन नाणी म्हटलं की सोन्या-चांदीचं नाव आधी निघतं. पण रोजच्या बाजारहाटाला चालायची ती तांब्या-पितळेची चिल्लर, आणि सम्राटाचा चेहरा सामान्य माणसाच्या हातात पोचवला तो तिनेच.

प्रजासत्ताकाच्या काळात ‘अॅस’ या जड, ओतीव नाण्यावर दोन तोंडांचा देव जेनस असे आणि मागे जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक. हयात असताना रोमच्या नाण्यावर झळकलेला पहिला रोमन ज्यूलियस सीझर, इ.स.पू. 44 मध्ये, तोही चांदीवर. पुढे पहिला सम्राट ऑगस्टस याने चिल्लरीची घडी नव्याने बसवली. अॅस तांब्याचा, आणि चार अॅसचा एक सेस्टर्शियस पितळेचा. सरसकट ‘कांस्य नाणी’ म्हणायची पद्धत आहे, पण टाकसाळीतून निघालेला सेस्टर्शियस सोन्यासारखा पिवळाधमक असे. वजन सुमारे 25 ग्रॅम. एवढी पसरट चकती मिळाल्यावर ठसे कोरणाऱ्या कारागिराचा हात मोकळा झाला.

वेस्पासियनचा इ.स. 71 चा सेस्टर्शियस बघा. छापावर टक्कल पडलेला, जाड मानेचा, सुरकुतलेला म्हातारा. कुठेही गोंडस केलेला नाही. मागे मधोमध खजुराचं झाड. एका बाजूला भाला घेऊन उभा सम्राट, दुसरीकडे झाडाखाली हातावर डोकं टेकून बसलेली ज्यू स्त्री. भोवती अक्षरं: ‘यूडेया काप्टा’, यहुदिया जिंकला. आदल्याच वर्षी जेरुसलेम पडलं होतं. वेस्पासियन काही राजघराण्यातला नव्हता. चार सम्राट पाहिलेल्या 69 सालच्या यादवीतून तो गादीवर आला होता. गादीवरचा हक्क त्याला विजयातूनच सांगावा लागणार होता. मला मात्र या नाण्यावर सम्राटापेक्षा ती बसलेली बाईच आधी दिसते.

चेहऱ्यात एवढं बळ असेल तर तो पुसावाही लागतो. सम्राट कॅलिग्युलाच्या खुनानंतर त्याची छबी असलेली पितळी-तांब्याची नाणी वितळवायचा ठराव सिनेटने केला, असं इतिहासकार कॅसियस डिओ सांगतो. त्या धातूतून सम्राज्ञी मेसालिनाने म्नेस्टर या नटाचे पुतळे करवून घेतले, असंही तो लिहितो. तरी कॅलिग्युलाची पुष्कळ नाणी आज शिल्लक आहेत. काहींवर त्याच्या नावाचं आद्याक्षर कुणीतरी मुद्दाम खरवडलेलं दिसतं.

तिसऱ्या शतकात चलन घसरलं आणि सेस्टर्शियस मागे पडला. चौथ्या शतकातली कांस्य नाणी बहुतेक लहान, पातळ. चेहरेही ठराविक साच्याचे. इ.स. 353 च्या सुमारास सम्राट मॅग्नेन्शियसने मोठ्या नाण्याची अख्खी मागची बाजू ख्रिस्ताच्या चिन्हाला दिली.

ही प्रतिमा रोमच्या हद्दीतही थांबली नाही. कुषाण राजा कुजुल कडफिसेसच्या एका तांब्याच्या नाण्यावर ऑगस्टसच्या धाटणीचं मस्तक आहे, आणि उलट्या बाजूला रोमन अधिकाऱ्याच्या घडीच्या आसनावर बसलेला राजा. सोबतचा मजकूर खरोष्ठी लिपीत.