नोडचं व्हर्जन बदललं आणि इन्स्टॉल अडलं? फोन करण्याआधी एवढं पाहा

आम्ही तयार करून दिलेला प्रकल्प तुमच्या मशीनवर उभा करताना ‘एनपीएम इन्स्टॉल’ अडतं आणि आम्हाला फोन येतो. बहुतेक फोनांची सुरुवात सारखीच असते: “काल चालत होतं. आम्ही काहीच बदललं नाही. आज सकाळपासून नुसती लाल अक्षरं.” आमचा यावर विश्वास आहे. बरेचदा तुम्ही खरंच काही बदललेलं नसतं, फक्त टर्मिनलची नवी खिडकी उघडलेली असते. तेवढंही पुरतं. का, ते पुढे येईलच.

जावास्क्रिप्ट चालवणारं नोड, त्याची पॅकेजेस म्हणजे तयार कोडचे संच बसवणारं एनपीएम आणि नोडचं व्हर्जन बदलण्यासाठी एनव्हीएम, हे तिन्ही तुमच्या रोजच्या वापरातले आहेत असं धरून हे पत्रक लिहिलं आहे. कमांड आम्ही फोनवर जशा सांगतो तशाच उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करताना त्या नेहमीसारख्या रोमन अक्षरांतच करायच्या.

प्रत्येक व्हर्जनचं बिऱ्हाड वेगळं

एनव्हीएमने नोडची तीन व्हर्जन बसवली, म्हणजे तुमच्या होम फोल्डरमधल्या ‘डॉट एनव्हीएम’मध्ये तीन वेगळी बिऱ्हाडं थाटली जातात. प्रत्येकाचं नोड वेगळं, एनपीएम वेगळं, आणि ग्लोबल, म्हणजे एका प्रकल्पापुरती नसलेली, पॅकेजेसही वेगळी. १८ वर असताना ग्लोबल बसवलेलं टूल २० वर गेल्यावर दिसत नाही. ते हरवलेलं नसतं, जुन्या बिऱ्हाडातच असतं. नवं व्हर्जन बसवतानाच ‘एनव्हीएम इन्स्टॉल २०’च्या पुढे ‘रीइन्स्टॉल पॅकेजेस फ्रॉम’ हा पर्याय लावून १८ हा आकडा दिला, की ग्लोबल पॅकेजेस नव्या बिऱ्हाडातही बसवली जातात.

दुसरी गोष्ट खिडकीची. मॅक आणि लिनक्सवर ‘एनव्हीएम यूझ’ फक्त त्या एका खिडकीपुरतं लागू होतं. नवी खिडकी उघडली की ‘डीफॉल्ट’ म्हणून जे ठरलंय ते व्हर्जन येतं. काल डाव्या खिडकीत २० लावून काम केलं, आज मशीन चालू करून सरळ इन्स्टॉल मारलं आणि ते १६ वर चाललं, असं आम्ही कितीतरी वेळा पाहिलं आहे. ‘एनव्हीएम अलायस डीफॉल्ट २०’ एकदा दिलं की हा प्रश्न मिटतो.

म्हणून काहीही अडलं की आधी तीन कमांड द्या: ‘नोड डॅश व्ही’, ‘एनपीएम डॅश व्ही’ आणि ‘व्हिच नोड’. तिसरी सर्वांत महत्त्वाची. तिच्या उत्तरात ‘डॉट एनव्हीएम’ दिसलं तर ठीक. ‘यूएसआर बिन’ किंवा ‘यूएसआर लोकल बिन’ दिसलं, तर एनव्हीएमचं नव्हे, सिस्टमचं जुनं नोड उत्तर देतंय. मग पुढची कितीही खटपट केली तरी ती चुकीच्या घरात चाललेली असते. आमच्या प्रत्येक प्रकल्पाच्या मुळाशी ‘डॉट एनव्हीएमआरसी’ नावाची छोटी फाइल असते. त्या फोल्डरमध्ये जाऊन आकडा न देता नुसतं ‘एनव्हीएम यूझ’ म्हटलं, की आम्ही ज्यावर तपासून दिलं तेच व्हर्जन लागतं.

अडलं की सुडो लावू नका

आमचा सर्वांत जास्त वेळ इथे जातो. म्हणून हे जरा सविस्तर.

इन्स्टॉल करताना ‘ईअ‍ॅक्सेस’ ही एरर येते, म्हणजे लिहायची परवानगी नाही. घाईत असलेला माणूस तीच कमांड पुन्हा देतो, पुढे सुडो लावून, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याच्या, ‘रूट’च्या, अधिकाराने. ही सवय कशी लागली ते समजण्यासारखं आहे. नोड थेट सिस्टममध्ये बसवलं की ग्लोबल पॅकेजेस सिस्टमच्या फोल्डरमध्ये जातात, आणि तिथे लिहायची मुभा साध्या वापरकर्त्याला नसते. तिथे सुडो लावलं की काम होतं. एनव्हीएम मात्र सगळं तुमच्या होम फोल्डरमध्ये ठेवतं, आणि स्वतःच्या घरात शिरायला कुणाची परवानगी लागत नाही. तरीही परवानगीची एरर आली, तर अधिकार कमी पडलेले नसतात. एक तर भलतंच नोड उत्तर देत असतं, नाहीतर मागे कधीतरी कुणीतरी सुडो लावलेलं असतं.

सुडो लावल्यावर आत काय होतं ते पाहा. एनव्हीएम हा वेगळा प्रोग्राम नाही; तुमच्या शेलमध्ये, म्हणजे त्या चालू खिडकीत, भरलेलं ते एक फंक्शन आहे. सुडोला त्याचा पत्ता नसतो. अनेक लिनक्स मशीनवर सुडो स्वतःचा ठरलेला पाथ, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी, घेऊन चालतं. त्या पाथवर एनपीएम सापडलंच नाही तर ‘कमांड नॉट फाउंड’ येतं, आणि तेच बरं, कारण निदान तुम्ही थांबता. सापडलं, तर ते सिस्टमचं जुनं एनपीएम असतं आणि पॅकेज त्याच्या घरात बसतं. एरर येत नाही, ‘झालं’ असा निरोप येतो. तुम्ही तुमच्या खिडकीत येऊन टूल चालवता आणि ते सापडत नाही. मग पुन्हा इन्स्टॉल, पुन्हा सुडो.

याहून वाईट म्हणजे मागे राहणाऱ्या फायली. मध्यंतरी एका ग्राहकाच्या नव्या डेव्हलपरबरोबर स्क्रीन शेअर करून बसलो होतो. एनव्हीएम नीट, व्हर्जन बरोबर, पाथही बरोबर, तरी प्रत्येक इन्स्टॉल परवानगीवर अडत होतं. त्यांना होम फोल्डरमधल्या ‘डॉट एनपीएम’मध्ये ‘एलएस डॅश एलए’ द्यायला सांगितलं. मालकाच्या रकान्यात पाच-सहा ओळी त्यांचं नाव, आणि मग अचानक दोन ओळींवर ‘रूट’. त्या मशीनवर कित्येक महिन्यांपूर्वी एकदाच सुडो लावून इन्स्टॉल झालं होतं, तेही त्यांच्या आधीच्या माणसाने. एनपीएम उतरवलेली पॅकेजेस याच फोल्डरमध्ये साठवून ठेवतं. त्यातला एक कप्पा रूटच्या नावावर गेला की तिथे लिहायची वेळ येताच इन्स्टॉल थांबतं. कधी थांबतं, कधी नाही, म्हणून कारण सापडायला वेळ लागतो.

उपाय असा: ‘सुडो सीएचओन डॅश आर’ वापरून ‘डॉट एनपीएम’ आणि प्रकल्पाची पॅकेजेस जिथे बसतात ते ‘नोड मॉड्यूल्स’ ही दोन फोल्डर परत स्वतःच्या नावावर करून घ्या. या सगळ्यात सुडोची गरज फक्त इथे आहे. मग ‘नोड मॉड्यूल्स’ काढून टाका आणि साध्या वापरकर्त्याने ‘एनपीएम सीआय’ द्या. सगळ्यांना सगळी मुभा देणारं ‘सीएचमॉड ७७७’ कृपया करू नका. त्याने एरर जाते, पण मशीनवरचा कुठलाही प्रोग्राम त्या फायली बदलू शकतो आणि मालकी चुकीची ती चुकीचीच राहते.

फोनवर आमचा पहिला प्रश्न “सुडो लावलं होतं का?” असा असतो. काही जणांना तो उलटतपासणीसारखा वाटतो, हे आम्हाला माहीत आहे. दोष द्यायला आम्ही विचारत नाही. ‘हो’ म्हणालात तर दहा मिनिटांत वाट सापडते. ‘नाही’ म्हणालात आणि लावलेलं असलं, तर तुमची आणि आमची दोघांची दुपार जाते.

नोड मॉड्यूल्स उचलून आणू नका, लॉक फाइल उडवू नका

सहकाऱ्याच्या मशीनवर चालतंय म्हणून त्याचं ‘नोड मॉड्यूल्स’ झिप करून आणलं, किंवा व्हर्जन बदलून जुनंच फोल्डर वापरलं, की एक नेमकी एरर येते: पॅकेज ‘नोड मॉड्यूल व्हर्जन’ १०८ साठी बांधलेलं आहे, इथे ११५ लागतं. १०८ म्हणजे नोड १८, ११५ म्हणजे नोड २०, आणि २२ साठी हाच आकडा १२७. काही पॅकेजेसमध्ये सी किंवा सी प्लस प्लसचा भाग असतो आणि तो बहुधा त्या-त्या व्हर्जनसाठीच बांधला जातो. ‘एनपीएम रीबिल्ड’ दिलं की बहुधा भागतं. नाही भागलं तर फोल्डर काढून पुन्हा ‘एनपीएम सीआय’.

फोल्डर काढताना बरेच जण ‘पॅकेज लॉक’ फाइलही उडवतात. ते मात्र नको. त्या फाइलमध्ये आम्ही तपासलेल्या प्रत्येक पॅकेजचं नेमकं व्हर्जन लिहिलेलं असतं. ती गेली की एनपीएम त्या दिवशी मिळतील ती नवी व्हर्जन उचलतं, आणि आम्ही दिलेला प्रकल्प आणि तुमच्याकडे चाललेला प्रकल्प एक राहत नाहीत. आम्ही ‘इन्स्टॉल’ऐवजी ‘सीआय’चा आग्रह धरतो तो यासाठीच. ‘सीआय’ जुनं ‘नोड मॉड्यूल्स’ स्वतः काढतं, लॉक फाइल जशीच्या तशी पाळतं, आणि ती ‘पॅकेज जेसन’ या प्रकल्पाच्या मूळ पॅकेज-यादीशी जुळत नसेल तर काम न करता तसं सांगतं.

एनपीएम स्वतः ‘नवं व्हर्जन उपलब्ध आहे’ अशी सूचना देतं. ती पाहून लगेच अपग्रेड करायची गरज नाही. एनपीएम ११ ला २० च्या मालिकेत निदान २०.१७ लागतं, नाहीतर २२.९ किंवा त्यापुढचं. नोड १८ वर ते बसवायला गेलात तर ‘बॅड इंजिन’ म्हणून अडेल. नोडबरोबर आलेलं एनपीएम त्याला साजेसंच असतं.

विंडोज वापरणाऱ्यांसाठी

विंडोजवरचं एनव्हीएम हे नावापुरतंच तेच आहे. प्रोग्राम पूर्णपणे वेगळा आहे. तिथे ‘यूझ’ दिल्यावर एक जोडणी इकडून तिकडे वळवली जाते, त्यामुळे व्हर्जन सगळ्या खिडक्यांसाठी बदलतं. दोन प्रकल्प दोन व्हर्जनवर एकाच वेळी चालवायचे असतील तर हे ध्यानात ठेवा. आमची ‘डॉट एनव्हीएमआरसी’ फाइलही ते आपणहून वाचत नाही. ती उघडून आतला आकडा हाताने द्यावा लागतो.

आधी थेट बसवलेलं नोड कंट्रोल पॅनलमधून काढल्याशिवाय एनव्हीएम बसवू नका. दोन्ही एकाच पाथसाठी भांडतात. नोड चालतंय पण एनपीएम सापडत नाही, अशीही तक्रार येते. तेव्हा बसवताना एनपीएम उतरवणं किंवा उलगडणं अर्धवट राहिलेलं असतं, कधी अँटिव्हायरसने मध्येच फाइल धरून ठेवल्यामुळे. ते व्हर्जन ‘एनव्हीएम अनइन्स्टॉल’ करा, टर्मिनल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि पुन्हा बसवा.

यात तुमची चूक नसते

मॅकवर एनव्हीएम बसवलं आणि तरी ‘कमांड नॉट फाउंड’ आलं, तर त्याच्या ओळी ‘डॉट झेडएसएचआरसी’मध्ये आहेत का पाहा. २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकचा ठरलेला शेल झेडएसएच आहे आणि तो बॅश या आधीच्या शेलच्या फायली वाचत नाही. एम १ किंवा त्यापुढच्या मॅकवर नोड १४ तयार मिळत नाही, कारण त्या चिपसाठी तयार नोड १६ पासून पुढे आहे. जुन्या लिनक्स सर्व्हरवर ‘जीलिबसी २.२८’ (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) नाही असं आलं, तर तिथे नोड १८ चालणार नाही, उबुंटू १८.०४ आणि सेंटओएस ७ दोन्ही यात येतात. ‘डिस्टयुटिल्स’ सापडत नाही असं आलं, तर मशीनवर पायथन ३.१२ किंवा पुढचं आहे आणि पॅकेज बांधणारं जुनं ‘नोड जिप’ त्याला सरावलेलं नाही. यातल्या कशावरही डोकं आपटत बसू नका, आम्हाला कळवा.

नोड १८ चा अधिकृत आधार एप्रिल २०२५ मध्ये संपला. तुमचा प्रकल्प अजून त्यावर असेल तर तो उद्या बंद पडणार नाही, पण त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं थांबलं आहे. देखभाल करार असलेल्या ग्राहकांचे प्रकल्प आम्ही स्वतः पुढच्या सम आकड्याच्या व्हर्जनवर नेतो आणि लॉक फाइल नव्याने तपासून देतो. करार नसेल तर हेच काम एकदाचं म्हणूनही करून देतो. आम्ही सर्वांत नवं व्हर्जन का देत नाही, असं काही जण विचारतात. सम आकड्यांच्या व्हर्जनना दीर्घ मुदतीचा आधार असतो, आणि तुमचा प्रकल्प वर्षानुवर्षं चालायचा आहे.

एवढं करूनही अडलंच, तर वर सांगितलेल्या तीन कमांडची उत्तरं आणि एनपीएमची पूर्ण लॉग फाइल ईमेलने पाठवा. मॅक आणि लिनक्सवर ती ‘डॉट एनपीएम’मधल्या ‘अंडरस्कोर लॉग्ज’ फोल्डरमध्ये असते आणि तिच्या नावातच तारीख-वेळ असते. स्क्रीनचा फोटो शक्यतो नको. त्यात शेवटच्या ओळी येतात आणि खरं कारण बहुधा पहिल्या एररच्या ओळीत असतं. पाठवण्याआधी लॉगमध्ये कुठे पासवर्ड किंवा टोकन आलेलं नाही ना, तेवढं नजरेखालून घाला.