एरे इबेजी : गेलेल्या जुळ्यासाठी कोरलेलं लाकूड

संग्रहालयात काचेआड ठेवलेली एरे इबेजी पाहिली की नजर आधी चेहऱ्यावर जाते. जुळ्यातलं एक बाळ गेलं की त्याच्यासाठी योरुबा आईवडील करवून घेत ती ही वीतभर किंवा थोडी जास्त उंचीची लाकडी मूर्ती. नाक, ओठ, गाल झिजून गुळगुळीत झालेले, कधी कधी डोळेही पुसट. ही झीज आईच्या हातांची आहे. वर्षानुवर्षं मूर्तीला न्हाऊ घालून, पुसून, तोंडाला घास लावून चेहरा असा होतो.

नैऋत्य नायजेरिया आणि शेजारच्या बेनिनमधल्या योरुबा लोकांत जुळी फार होतात. विसाव्या शतकातल्या पाहण्यांत हजार बाळंतपणांमागे ४० ते ४५ जुळी आढळली. जगाची सरासरी साधारण १२. जुळी बाळं वजनाला कमी भरतात, त्यामुळे त्यातलं एखादं दगावणं पूर्वी नित्याचंच होतं. मौखिक परंपरा सांगते की एके काळी योरुबांमध्ये जुळी अशुभ मानून मारली जात. पुढे भावना पार उलटली आणि जुळी विजेच्या देवाची, शांगोची लाडकी ठरली. आधी जन्मणारा ताइवो, मागून येणारा केहिंदे. गंमत अशी की थोरला मानतात तो केहिंदेला: जग कसं आहे ते चाखून बघ, असं सांगून त्यानेच ताइवोला पुढे धाडलं.

दोघांचा आत्मा एकच, ही श्रद्धा या मूर्तीच्या मुळाशी आहे. एक गेलं तर उरलेल्यालाही ओढ लागते, आणि गेलेलं रुसलं तर घरावर संकट येतं. म्हणून आईवडील बाबालावोकडे, म्हणजे इफा या शकुनपद्धतीने कौल लावणाऱ्याकडे जात. त्याने सांगितलं की कोरक्याकडून मूर्ती करवून घेत. बाळ तान्हं असताना गेलं तरी मूर्ती मात्र भरल्या अंगाच्या तरुण माणसाची, घराण्याच्या गालावरच्या खुणांसकट. डोकं शरीराच्या मानाने मोठं, कारण माणसाचं नशीब डोक्यात, ‘ओरी’त वसतं. मला यात फार माया दिसते: जे वय त्या लेकराच्या वाट्याला आलं नाही, ते लाकडात त्याला मिळतं.

मूर्ती घरी आली की तिचं सगळं बाळासारखं. अंगाला तांबड्या लाकडाची पूड, गळ्यात मणी, कधी कवड्या. केसांना निळा रंग. विलायती माल बाजारात आल्यावर त्यासाठी कपड्यांना घालायची नीळ वापरू लागले. जिवंत जुळ्याला जेवू घालताना मूर्तीपुढेही घास, आणि पाठीशी बांधायच्या कापडात तिलाही जागा. १८३० मध्ये या भागातून गेलेल्या लँडर बंधू या इंग्रज प्रवाशांना लाकडी मुलं घेऊन चालणाऱ्या बायका भेटल्या. त्या स्वतः खाताना मूर्तीच्या ओठांनाही घास लावत, हे त्यांनी टिपलं, पण ते सारं त्यांनी दुखवट्याची खूण म्हणून नोंदवलं. आईच्या लेखी तर ते रोजचं संगोपन होतं.

मानवाकृतीला असं काम देणारे योरुबा एकटे नव्हेत. काँगोतल्या एन्किसी एन्कोंडी या शक्तिमूर्तीच्या अंगात शपथ घेताना, तंटा मिटवताना खिळे ठोकत. गॅबनमधल्या कोटा लोकांच्या पितळ-तांब्याने मढवलेल्या आकृती पूर्वजांच्या अस्थी राखत. घानातल्या अकान बायका मूल व्हावं म्हणून सपाट गोल चेहऱ्याची अकुआबा ही बाहुली पाठीला बांधत.

ख्रिस्ती आणि इस्लाम धर्म पसरले तसे अनेक घरांत कोरीव मूर्तीचे दिवस संपले आणि जुन्या मूर्ती मोठ्या संख्येने परदेशी संग्रहांत गेल्या. गरज मात्र लगेच सरली नाही. काहींनी बाजारातल्या प्लॅस्टिकच्या बाहुल्या आणल्या. १९७०च्या दशकात काही योरुबा गावांतले फोटोवाले आणखी एक तोड काढत. जुळ्यांचा एकत्र फोटो निघण्याआधीच एक गेलं असेल, तर उरलेल्याचाच फोटो काढून तो दोनदा शेजारी शेजारी छापत. गेलेली मुलगी आणि उरलेला मुलगा असेल, तर त्यालाच एकदा मुलाच्या आणि एकदा मुलीच्या कपड्यांत बसवत.